जरा सरकून बस

१

खोली घेतली ती आरशासाठी. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना आणि वर ही लांबोडकी खोली. आधी तिथे नाचाचा क्लास चालायचा. क्लासवाले गेले, पण भिंतभर आरसा मागेच राहिला. काढायला गेलं तर फुटेल, अशी भीती घरमालकाला वाटली असणार. मास्तरीणबाईंनी दारातूनच तो पाहिला आणि भाडं विचारायच्या आधी म्हणाल्या, "माग इथेच उभा करायचा."

मास्तरीणबाई जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून दमल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर दमायचं विसरून गेल्या होत्या. माग त्यांचा. दाराएवढा उंच, आणि चौघी मांडीला मांडी लावून बसतील एवढा रुंद. त्यावर साधं कापड नाही निघायचं, चित्राचं कापड निघायचं. उभे दोरे ताणलेले असतात, त्याला म्हणायचं ताणा. त्यातून रंगीत लोकरीची कांडी आत-बाहेर न्यायची आणि लाकडी फणीने ठोकून बसवायची. ठक, ठक. गंमत अशी, की विणणारी बसते कापडाच्या पाठीमागे. तिच्या डोळ्यांपुढे नुसत्या गाठी आणि लोंबणारी टोकं. चित्र पलीकडे, रुसल्यासारखं तोंड फिरवून. ते बघायचं तर दोन बोटांनी ताण्याचे दोरे फाकवायचे आणि फटीतून समोरच्या आरशात डोकवायचं. दिसेल तेवढं आपलं. विणून झालेलं खालच्या तुळईला गुंडाळलं जातं, ते पुन्हा दिसत नाही. सगळं चित्र एकदम बघायला मिळतं ते कापड उतरवतात त्या दिवशी. तोवर एकमेकींवर भरवसा, दुसरं काय.

बाकावर बसायच्या त्या चौघी. खिडकीकडून पहिल्या मास्तरीणबाई. मग रंगारीण, ती लोकर रंगवायची, म्हणून तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हळदी. तिचं तोंड आणि तिचे हात एका वेळी चालत नसत, आणि तोंड तर कधी थांबत नसे. मग धाकटी. आणि दाराकडच्या टोकाला थोरली.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. एका घरात, एका स्वयंपाकघरात नांदणाऱ्या. मागावर थोरली पहिल्यापासून, मास्तरीणबाईंच्या बरोबरीची. धाकटीला आणलं तिनेच. "घरात बसून भिंतीकडे बघतेय बिचारी, चार कांड्या तरी भरून देईल," असं म्हणून. कांड्या भरता भरता धाकटी बाकावर कधी येऊन बसली, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. थोरलीच्या आलं होतं.

त्या मागाचा नियम एकच. दोघींच्या हद्दी मिळतात तिथे बोटभर पट्टी असते, तिला म्हणायचं सांधा. सांधा दोघींचा. जिचा हात मोकळा असेल तिने तो विणायचा, आणि कुणी विणला ते कुणी कुणाला विचारायचं नाही. पूर्वी एका कापडापायी 'हे माझं, ते तुझं' करता करता मास्तरीणबाई आणि रंगारीण वर्षभर अबोल्यात होत्या. रंगारीण वर्षभर गप्प, म्हणजे काय झालं असेल बघा. तेव्हापासून हा नियम. आणि चौघींनी तो पाळला, अगदी शेवटपर्यंत पाळला, हेच तर झालं.

२

नव्या वाचनालयाच्या जिन्यात लावायला एक मोठं कापड हवं होतं. मास्तरीणबाईंनी चित्र काढलं ते या चौघींचंच: मैत्रिणी बाकावर बसल्यात, समोर बघतायत. जी जिथे बसते तिथेच कापडात तिचं चित्र, आणि जिची तिने आपली आकृती विणायची. खालून वर जायचं. आधी पाय, मग मांड्या, मग मांडीवरचे हात, मग खांदे. चेहरे सगळ्यात शेवटी.

"आणि हे माझं शेवटचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. चष्मा पुसत होत्या. "डोळे आता ऐकत नाहीत. हे उतरवलं की माग एकीच्या हवाली करणार आणि मी घरी बसून तुम्हाला नावं ठेवणार."

"ती तर आत्तापण ठेवता," रंगारीण म्हणाली.

माग कुणाला जाणार हे थोरलीने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? एवढी वर्षं मास्तरीणबाईंच्या नंतर पहिला शब्द तिचा होता. मनातल्या मनात तिने खिडकीजवळची जागा घेऊनही टाकली होती. चहाची किटली कुठल्या कोनाड्यात ठेवायची तेसुद्धा ठरलं होतं.

मग पाय विणून झाले. मास्तरीणबाई एकेकीच्या मागे येऊन वाकल्या, दोरे फाकवून आरशात बघू लागल्या. थोरलीच्या चपलेकडे बघून म्हणाल्या, "नीट आहे." धाकटीच्या चपलेपाशी थांबल्या. डोळे बारीक केले. "अगं, या पायावर वजन पडलंय. माणूस आत्ता उठून उभं राहील." आणि धाकटीच्या पाठीवर हात ठेवला.

नीट आहे! भाजी नीट आहे, बिछाना नीट आहे. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहऱ्यावर तिने रेघ हलू दिली नाही. "शिकवलंय कुणी?" एवढंच हसून म्हणाली.

"ताईंनीच," धाकटी म्हणाली. खरं बोलली, आणि ते जास्त झोंबलं.

त्याच दिवशी चहा झाल्यावर थोरली पुन्हा बसली आणि सहज म्हणून सांध्यापाशी दोरे फाकवले. तिच्या आणि धाकटीच्या मधली ती बोटभर पट्टी, तिथे मास्तरीणबाईंनी ताण्यावर शाईने काहीच खूण केली नव्हती. नुसतं बाकाचं लाकूड यायचं होतं, तपकिरी. आरशात दिसली ती करड्या रंगाची एक कड. एखाद्या वस्त्राच्या घेराची कड दोघींच्या मधून जराशी डोकवावी तशी. आणि त्या कडेखाली काळपट काहीतरी, टोकासारखं. वहाणेचं असेल, नाहीतर सावली असेल.

सुरेख होती ती कड. घडीवर उजेड कसा पडतो, ते विणणारीला ठाऊक होतं. थोरलीला तसं कधी जमलं नव्हतं, आणि पोटात दुखलं ते तिथेच.

तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून गाठ मारत होती.

सांध्याचं विचारायचं नाही. थोरलीने फणी उचलली आणि गरजेपेक्षा जोरात ठोकली.

३

मांड्या विणायला घेतल्या, तशी बाकावर दाटी वाटू लागली.

"धाकटे, जरा सरकून बस."

"सरकलेच आहे, ताई."

थोड्या वेळाने पुन्हा कोपराला कोपर लागायचं. थोरली अंग चोरून घ्यायची, दाराकडे हलायची. बसल्या जागी मांडीला मांडी भिडलेली असायची, घट्ट, ऊबदार. जणू तिला बाकावरून लोटायचंच कुणाच्या मनात होतं. आधी जागा घेतली, मग मास्तरीणबाई घेतल्या, आता बाकच घे म्हणावं. ती बघायची नाही तिकडे. मुद्दाम बघायची नाही. समोर ताणा, ताण्यापलीकडे आरसा, आरशात दोऱ्यांआड पुसट पुसट त्या बसलेल्या. तुरुंगाच्या गजांआड बसल्यासारख्या.

एके दिवशी धाकटीच म्हणाली, हळू आवाजात, "ताई, तुम्ही सरकता का थोड्या? मी पार रंगारीणबाईंच्या मांडीत गेलेय."

"बस बाई, बस," रंगारीण म्हणाली. "मांडी रिकामीच आहे माझी. मुलगा काही नातवंड देत नाही, तू तरी बस."

मास्तरीणबाई हसल्या. धाकटी हसली नाही. थोरली तर फणकाऱ्याने म्हणाली, "मी सरकू? माझं अर्धं अंग बाहेर आलंय! चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या!"

"पूर्वी चौघी मावायच्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जाड झालात गं सगळ्या."

आणि ते तिथेच मिटलं.

पण फणीचा आवाज मिटेना. थोरलीचा कान तयार होता. मास्तरीणबाईंची फणी सावकाश पडायची, दमून जिना चढल्यासारखी. रंगारीणीची पडायची आणि गोष्ट रंगली की थांबायची. धाकटीची हलकी, दोनदा, ठक-ठक. या सगळ्यांच्या आत तिला आणखी एक लागू लागली. मऊ ठोका. लाकडाचा होता, पण लोकर गुंडाळलेल्या लाकडाचा असावा तसा. तो नेमका तिच्या ठोक्याबरोबर पडायचा. ती थांबली की थांबायचा, पण जरासा उशिरा.

खालच्या कारखान्यातलं यंत्र असेल, तिने स्वतःला सांगितलं. खोक्यांना पिना मारतात ना, त्याचा. दुपारी कारखाना जेवायला थांबला. मास्तरीणबाई आणि रंगारीण चहा आणायला खाली उतरल्या. वर दोघी जावा. धाकटीने फणी मांडीवर ठेवून डोळे मिटले होते. थोरलीने एक ओळ ठोकली आणि थांबली.

ठक, तिची. आणि मग, अर्ध्या श्वासाने, ती दुसरी.

धाकटीने डोळे उघडले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दोघी समोर बघत बसल्या.

"थकलीस?" थोरलीने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. तिचे पाय जमिनीवर घट्ट रोवलेले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत.

४

घरी थोरली नवऱ्याजवळ बोलली. नवरा गाड्यांच्या सीटा शिवायचा. कुठल्याही भांडणाचं माप त्याच्याकडे फुटात असायचं. "बाक मोठं करून घ्या," तो म्हणाला.

"बाक नाही हो छोटं. ती हातपाय पसरते."

"काडीसारखी आहे ती. पसरून पसरून किती पसरेल?"

"तुम्हालाही तिचाच पुळका!"

"मला कुणाचाच नाही. मला पोळी वाढ."

स्वयंपाकघरात धाकटी भांडी विसळत होती. बाही वर सरकवलेली. दंडाच्या बाहेरच्या बाजूला काळंनिळं पडलं होतं, सतत दाब पडून पडतं तसं. दाराकडच्या दंडाला. म्हणजे थोरलीच्याच बाजूला. थोरलीने ते पाहिलं आणि तिला वाईट वाटायच्या आधी राग आला. मी कुठे एवढं ढकलतेय? आणि आपल्याही डाव्या दंडाला सकाळी अंघोळीला ठणका लागला होता, तो आठवला. तो मात्र तिने धाकटीच्या खात्यावर मांडला.

दुसऱ्या दिवशी तिने एक काम केलं. आपली हद्द संपते तिथल्या ताण्याच्या दोऱ्याला लाल लोकरीची गाठ मारली. या गाठीच्या अलीकडे आलीस तर बघ. हद्द म्हणजे हद्द.

आठवडाभराने हात विणायची पाळी आली, तेव्हा पुन्हा पाहिलं. लाल गाठ होती तिथेच होती. पण कापड तिच्या अलीकडे आलं होतं. तिच्या हद्दीत चारपाच दोरे करडी लोकर. आणि सांध्याच्या पलीकडच्या बाजूला, धाकटीच्या हद्दीत बरीच आत, एक निळी गाठ मारलेली होती.

थोरलीला ते चिडवणंच वाटलं. मी लाल बांधली म्हणून हिने निळी बांधली! लाल आणि निळ्याच्या मधोमध, पूर्वी बोटभर होतं ते आता चांगलं वीतभर झालं होतं. निळी गाठ स्वतःच्या हद्दीत एवढी आत का बांधली असेल, आणि करडं त्या निळ्या गाठीच्याही पलीकडे कसं काय गेलं, हा विचार तिच्या मनात दारापर्यंत आला. तिने दार लावून घेतलं.

दोरे फाकवले. आरशात मांडीवर ठेवलेला एक हात दिसला. धाकटीचा नव्हता, धाकटीची बोटं लांबसडक. तिचा स्वतःचाही नव्हता. कामाला बसलेला हात होता, बोटांत फणी धरलेली, आणि नखांवर उजेड. मास्तरीणबाईंनी जर हा पाहिला असता तर आयुष्यभर दुसरं काही पाहिलं नसतं.

माग कुणाला जाणार ते थोरलीला त्या क्षणी कळलं.

५

उतरत्या दुपारी खोलीत कुणी नाही असं बघून थोरलीने मास्तरीणबाईंच्या आकृतीचा हात उसवला. पाच बोटं, मास्तरीणबाईंनी कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी, किती दिवस लावून विणलेली. सुईच्या टोकाने दोरा उचलायचा आणि ओढायचा. फार वेळ लागत नाही. विणायला लागतो.

सकाळी मास्तरीणबाई उसवलेल्या लोकरीकडे बघत राहिल्या. रंगारीणसुद्धा गप्प झाली.

"मी बोलणार नव्हते," थोरली म्हणाली. "घरचं माणूस आहे. पण काल मी पिशवी विसरले म्हणून परत आले, तेव्हा ही इथे बसलेली होती. तुमच्या जागेवर. हातात सुई होती."

धाकटी उभीच होती. तिने मान हलवली, पण नाही म्हणून हलवली की कुणाला घालवून द्यायला हलवली, ते कळलं नाही.

"का गं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी नाही केलं," धाकटी म्हणाली.

"मग काय मी खोटं बोलतेय?" थोरली म्हणाली. "रोज माझ्या हद्दीत घुसतेस, ते मी कधी बोलले? बघा ना सांध्यापाशी, बघा! नियम म्हणून गप्प बसले."

मास्तरीणबाई वाकल्या, डोळे चोळले, बघितलं की बघितल्यासारखं केलं. "सांध्याचं मी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हाताचं विचारणार. माझा हात होता तो." मग चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "काही दिवस घरी बस, बाळ."

धाकटीने आपली फणी टोपलीत ठेवली. चपला घातल्या. दारात येऊन ती थोरलीसमोर थांबली. रडली असती तर थोरलीने तोंड फिरवलं असतं. ती रडली नाही. जावेच्या कानाजवळ वाकून, मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "ताई, मी गेले तर त्या बाजूने कोण बसेल?"

"मी बसेन," थोरली म्हणाली.

६

आणि ती बसायला गेली. दोन्ही हद्दी आता तिच्या: स्वतःची आणि धाकटीची. बाकावर धाकटीची जागा उन्हात लख्ख रिकामी. थोरली टोकाकडून आत सरकली, ऐसपैस. पहिली ओळ घातली. फणी मारली.

दुसऱ्या ओळीला कोपर अडलं.

"अगं जरा सरक..." ती म्हणाली, आणि जीभ चावली.

मग तिने खाली पाहिलं. इतके महिने पाहिलं नव्हतं ते पाहिलं. तिच्या आणि रंगारीणीच्या मध्ये बाकाचं लाकूड दिसत होतं, मोकळं, घासून गुळगुळीत झालेलं. तिथे काही नव्हतं. आणि मांडीला मांडी लागून होती, घट्ट, ऊबदार.

तिने कांड्यांची टोपली उचलली आणि त्या मोकळ्या लाकडावर ठेवली. टोपली कलंडली. कांड्या घरंगळत जमिनीवर गेल्या. पुन्हा ठेवली. पुन्हा एका बाजूने उचलली गेली, मांडीवर ठेवलेली टोपली कलंडते तशी.

"काय गं, पाडापाडी लावलीयेस," रंगारीण म्हणाली. "आणि सरक की तिकडे. धाकटी गेली तरी जागा पुरत नाही म्हणजे कमाल आहे तुझी. मला इकडे फणी उचलता येईना."

"मी... मी टोकाला आहे," थोरली म्हणाली.

रंगारीणीने बघितलं. थोरली खरंच टोकाला होती. "मग लोकर भरली असेल कशात तरी," ती म्हणाली आणि आपल्या विहिणीची गोष्ट पुढे सांगू लागली.

त्या दिवसापासून ते भराभर वाढू लागलं. पूर्वी चोरपावलांनी यायचं, आता आपलं घर असल्यासारखं. धाकटीची हद्द थोरलीला विणावीच लागली नाही. सकाळी यावं तो करडा खांदा आणखी वर आलेला. धाकटीची आकृती मांडीपर्यंत होती ती तिथेच थांबली; वरून करडं आलं, पदर घ्यावा तसं. निळी गाठ कुठे गेली कळलं नाही. लाल गाठ खाली गुंडाळली गेली होती.

मास्तरीणबाईंना आता बोटांनी चाचपूनच कळायचं. त्यांनी सांध्यावरून हात फिरवला आणि तिथेच थांबल्या. "थोरले," त्या म्हणाल्या, "मी तुझ्यावर अन्याय केला गं. नीट आहे, नीट आहे, म्हणत राहिले. हा हात माझ्यापेक्षा वरचा आहे." त्यांनी स्वतःची फणी, जुनी, बोटांच्या खाचा पडलेली, थोरलीच्या हातात दिली. "कापड उतरायची वाट कशाला बघू? आजपासून माग तुझा. खिडकीजवळ बस."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं आलं. थोरलीने फणी घेतली. खिडकीजवळ जाऊन बसली असती. पण खिडकीकडे जायचं तर बाकाच्या मधून जावं लागलं असतं.

ती घरी धावत आली ती थेट स्वयंपाकघरात. धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. दंडावरचं काळंनिळं पिवळं पडत चाललं होतं.

"चल," थोरली म्हणाली. "चूक झाली माझी. मी सांगते त्यांना, हात मी उसवला. सगळ्यांसमोर सांगते. तू चल फक्त, बस तिथे."

धाकटीने घडी पुरी केली. "तुम्हाला वाटायचं मी तुमच्याकडे सरकतेय," ती म्हणाली. "मी पाय रोवून बसायचे, ताई. दार लोटून धरावं तशी. पलीकडून तुम्ही लोटत होतातच. रागाने का होईना, लोटत होतात. दोन्हीकडून धरलं होतं, म्हणून ते तेवढंच राहिलं."

"मग बोलली का नाहीस तेव्हाच?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, नवल वाटून. "सांध्याचं विचारायचं नाही ना?"

"आता विचारते मी! चल!"

"आता मधे शिरायला जागा कुठे आहे, ताई?" धाकटी म्हणाली, आणि दुसरी घडी उचलली.

७

राहिले होते चेहरे.

मास्तरीणबाई घरी बसल्या होत्या, ठरल्याच्या आधीच. रंगारीण म्हणाली, मला त्या बाकावर श्वास कोंडल्यासारखा होतो, मी आपली खाली आवारात लोकर रंगवते, तू आहेस तोवर चिंता नाही. वाचनालयाचा माणूस दोनदा येऊन गेला. माग थोरलीचा होता. आता दुसरं कुणी येण्यासारखं नव्हतं.

दुपार कलली होती. खिडकीतून ऊन आडवं येऊन अख्ख्या बाकावर पसरलं होतं. खालचा कारखाना बंद होता. थोरली टोकावर बसली. तिच्या हाती आता फार काही उरलं नव्हतं. तिच्या आकृतीच्या खांद्याची कड, आणि वर चेहऱ्यापुरते चार दोरे. त्या चारांत चेहरा मावत नाही, हे तिला विणणारी म्हणून कळत होतं. तरी ती विणत होती. ठक. आणि शेजारून ती मऊ, आता उशिरा नाही, बरोबरीने. ठक.

तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण विणणारीला बघितल्याशिवाय राहवत नाही. तिने दोन बोटांनी दोरे फाकवले आणि आरशात पाहिलं.

करड्या आकृतीचा चेहरा अर्धा झाला होता. कपाळ होतं, नाकाची बाजू होती, एक डोळा होता. मास्तरीणबाईंच्या चित्रात चौघी समोर बघत होत्या. हा डोळा समोर बघत नव्हता. तो कोपऱ्यातून शेजारी बघत होता. थोरलीच्या जागेकडे, त्या उरलेल्या चार दोऱ्यांकडे.

ती नजर तिने ओळखली. मास्तरीणबाई दुसरीच्या पाठीवर हात ठेवतात तेव्हाची. धाकटीच्या चपलेवर वजन पडलं तेव्हाची. ती नजर तिने कधी पाहिली नव्हती, नुसती वापरली होती. आणि अशी बघणारी पुढे काय करते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिने बोटं काढून घेतली, तशी दोरे मिटले. पण शेजारी, वीतभर अंतरावर, दोऱ्यांची आणखी एक फट होती. ती मिटली नाही. कुणीतरी दोन बोटांनी फाकवून धरावी तशी ती उघडीच राहिली. आरशात बघायला. की आरशातून तिच्याकडे बघायला.

मांडीला मांडी लागली. जोरात नाही. घरच्या माणसाने लावावी तशी, आता तू ऊठ म्हणून.

थोरली जरा सरकून बसली. मग आणखी जरा. मग तिने हाताने चाचपून पाहिलं. बाक संपलं होतं.